नाविकाचा घडीचा चाकू : एका जुन्या हत्याराची ओळख

शिडाचे जहाज लांबून पाहताना नजर आधी शिडांवर जाते. त्या जहाजावर राबणाऱ्या माणसाच्या हातात मात्र दिवसभर असायचा तो दोर. डोलकाठ्या ताठ उभ्या ठेवणारे दोर, शिडे चढवायचे-उतरवायचे दोर, माल आवळायचे दोर, होड्यांचे दोर. लंडनच्या ग्रिनिच भागात ‘कटी सार्क’ हे १८६९ सालचे जहाज जतन करून ठेवले आहे. चीनमधून चहा आणण्यासाठी बांधलेल्या या एका जहाजावर शिडे आणि डोलकाठ्या सांभाळायला सुमारे ११ मैल दोर लागे. एवढा दोर वापरात ठेवायचा म्हणजे तो रोज कुठे ना कुठे कापावा लागणार, त्याचे पेड उसवावे लागणार, तुटलेला तुकडा पुन्हा गुंफून सांधावा लागणार. या कामांसाठी खलाशी आपल्याजवळ एक चाकू बाळगत. पुष्कळांचा चाकू म्यानात असे, अनेकांचा घडीचा. त्या घडीच्या चाकूची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना लिहीत आहे.

‘चाकू जमवतो’ असे म्हटले की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे जुन्या तलवारी, कट्यारी आणि दांडपट्टे पाहायला माणसे संग्रहालयांत आवर्जून जातात, कारण त्यांच्यामागे लढायांची आणि घराण्यांची नावे उभी असतात. खलाशाच्या चाकूमागे असे कुणी उभे नाही. ज्यांची नावे जहाजाच्या नोंदवहीपलीकडे फारशी कुठे उरली नाहीत, अशा माणसांचे ते रोजचे हत्यार. पण त्या माणसांचे काम कसे चाले, हाताची सवय कशी होती, हे चाकू हातात घेतला की पुष्कळ कळते. वाचकांनी या विषयाकडे शस्त्र म्हणून न पाहता कारागिराच्या अवजाराकडे पाहावे तसे पाहावे, एवढी विनंती सुरुवातीलाच करतो.

पहिल्यांदा पाते पाहा. नाविकाच्या चाकूच्या पात्याची धार अगदी सरळ असते आणि पाठ पुढच्या बाजूला गोलाई घेत खाली उतरून धारेला मिळते. भोसकायला टोक असे नाहीच. इंग्रजीत या पात्याला ‘शीप्सफूट’ म्हणतात. टोक नसण्याचे एक कारण नेहमी सांगितले जाते ते सुरक्षिततेचे: हेलकावणाऱ्या जहाजावर, उंच डोलकाठीवर चढून काम करताना अणकुचीदार चाकू हातून निसटला तर खालच्याचा जीव जायचा. भांडणात सुरे निघू नयेत म्हणून कप्तान खलाशांच्या चाकूंची टोके मोडून टाकत, अशीही कथा आहे. या कारणांत तथ्य असेलच. पण माझ्या मते खरे उत्तर दोरातच आहे. जाड दोर हवेत धरून कापत बसणे फार वेळखाऊ. खलाशी दोर लाकडावर ठेवी, त्यावर पात्याची धार आडवी टेकवी आणि पात्याच्या पाठीवर लाकडी ठोकळ्याने मारी. एका-दोन घावांत दोर सरळ तुटे. या पद्धतीला धार सरळच हवी, पाठ जाडच हवी आणि टोकाचा काही उपयोग नाही. चाकूचा आकार कामानेच ठरवलेला आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे टोचा. पुष्कळ चाकूंच्या पाठीवर एक निमुळता, गोल, जाड पोलादी टोचा घडी करून बसवलेला असतो. त्याला मार्लिनस्पाईक म्हणतात. ओला होऊन आवळलेली गाठ सैल करायची, पिळाचे पेड एकमेकांपासून दूर करायचे, दोन दोर गुंफताना पेड ओवायला वाट करायची, ही त्याची कामे. पाते दोर तोडते आणि टोचा दोर जोडायला मदत करतो. माझे मन या चाकूंकडे ओढले गेले ते या जोडीमुळे. तिसरी गोष्ट छोटी: मुठीच्या टोकाला असलेली तांब्याची किंवा पोलादाची कडी. तिच्यातून दोरी ओवून चाकू गळ्यात किंवा कमरेला अडकवला जाई, म्हणजे हातातून सुटला तरी समुद्रात जात नसे. ब्रिटिश नौसैनिकांच्या गणवेशात जी पांढरी दोरी दिसते तिचे मूळ काम हेच.

हे चाकू अनेक देशांत बनले. जर्मनीचे झोलिंगेन त्यासाठी प्रसिद्ध आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कॅमिलस या गावाच्या नावाच्या कंपनीने दुसऱ्या महायुद्धात आणि नंतरही तिथल्या नौदलासाठी असे चाकू बनवले. ती कंपनी २००७ मध्ये बंद पडली. तरी नवख्या वाचकाने सुरुवात इंग्लंडमधल्या शेफील्डपासून करावी असे मी सुचवीन. तिथले चाकू संख्येने अधिक, त्यांवरचे शिक्के वाचायला सोपे आणि त्यांच्यावर अभ्यासही पुष्कळ झालेला.

शेफील्डचे चाकू किती जुने? चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मधल्या एका पात्राला शेफील्डचा चाकू दिला आहे, म्हणजे तेव्हाच या गावाचे नाव लोकांना माहीत होते. १६२४ मध्ये तिथल्या चाकूकारांच्या संघाला कायद्याने मान्यता मिळाली आणि कारागिरांची चिन्हे नोंदवण्याची व्यवस्था पक्की झाली. जवळच्या नद्यांच्या पाण्यावर धारेची चाके फिरत. चाकांचा दगड आसपासच्या खाणींत मिळे. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत वितळवून एकजीव पोलाद करण्याची रीत बसवली आणि धार टिकवणारे उत्तम पोलाद गावातच तयार होऊ लागले. पुढे मोठे कारखाने उभे राहिले तरी काम वाटलेले राहिले. एकाने पाते घडवायचे, दुसऱ्याने ते चाकावर घासून धारेला आणायचे, तिसऱ्याने पाते, स्प्रिंग आणि मूठ जुळवून चाकू उभा करायचा. एखादी खोली भाड्याने घेऊन स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कारागिरांना तिथे ‘लिटल मेस्टर’ म्हणत. चाकावर वाकून बसणाऱ्यांच्या छातीत दगडाची आणि पोलादाची धूळ साचे, आणि त्यांतले कितीतरी ऐन उमेदीत खोकून खोकून गेले. चाकूच्या पात्याची चकाकी पाहताना हे विसरता येत नाही. या परंपरेतले अलीकडचे सर्वांत मान्यवर नाव स्टॅन शॉ यांचे. वयाच्या चौदाव्या वर्षी ते इबरसन यांच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले आणि २०२१ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारले. घडीचे चाकू करणे त्यांनी जवळजवळ अखेरपर्यंत सोडले नाही.

आता एक चाकू जवळून पाहू. पहिल्या महायुद्धाच्या काळातला, ब्रिटिश सरकारने सैन्याला आणि नौदलाला दिलेल्या प्रकारातला. मिटलेला असताना तो सुमारे १२ सेंटिमीटर भरतो आणि हाताला चांगला जड लागतो. मुठीच्या दोन्ही बाजूंना काळ्या, चौकटीचौकटीची खरबरीत नक्षी असलेल्या पट्ट्या आहेत. ओल्या हातातून निसटू नये म्हणून ती नक्षी. सरळ धारेचे जाड पाते आहे, डबा फोडायचे आखूड पाते आहे, पाठीला टोचा आहे. पात्याच्या बुडाशी कारखान्याचे नाव आणि ‘शेफील्ड’ ही अक्षरे ठोकलेली आहेत. मोठे पाते उघडताना नखाच्या खाचेत नख घालून ओढा. आधी स्प्रिंग चांगला विरोध करते, मग पाते जणू स्वतःहून पुढे जाते आणि ‘टक्’ आवाज करून थांबते. तो आवाज म्हणजे स्प्रिंगचे सपाट टोक पात्याच्या सपाट बुडावर नेमके बसल्याची खूण. शंभर वर्षांनी तो आवाज असाच येत असेल तर स्प्रिंगला पाणी देणाऱ्या कारागिराने आपले काम चोख केले होते असे समजावे. पाते उघडून बाजूला हलवून पाहा. लटलटत असेल तर रिवेट सैल झाले आहे.

चाकूचे वय काढायला शिक्के उपयोगी पडतात, पण सावधपणे. मुकुटाशेजारी ‘व्ही आर’ ही अक्षरे असली तर चाकू राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, म्हणजे १९०१ पूर्वीचा, असण्याचा संभव मोठा. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर उत्पादक देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले. त्यामुळे ‘शेफील्ड’च्या जोडीला ‘इंग्लंड’ दिसले तर चाकू बहुधा त्यानंतरचा. गंज न धरणारे पोलाद शेफील्डमध्येच हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये तयार केले, तेव्हा ‘स्टेनलेस’ हा शब्द त्याआधीच्या चाकूवर असूच शकत नाही. रुंद बाणाचे चिन्ह म्हणजे ब्रिटिश सरकारची मालमत्ता; युद्धकाळातल्या चाकूंवर त्याच्याजवळ अनेकदा सालही असते. कारखान्यांची चिन्हे ओळखायला लागलात की मौज वाढते. जोसेफ रॉजर्स यांचा तारा आणि माल्टाचा क्रूस, जोनाथन क्रुक्स यांचे हृदय आणि पिस्तूल, इबरसन यांचे व्हायोलिन. ज्या काळी पुष्कळ गिऱ्हाइकांना अक्षरे वाचता येत नसत, तेव्हा चित्र पाहून माल ओळखला जाई. शिक्क्यावरून कारखाना आणि काळ शोधायला जेफ्री ट्वीडेल यांनी सिद्ध केलेला शेफील्डच्या चाकूकारांचा कोश फार मोलाचा आहे. या विषयावर एकच पुस्तक घ्यायचे तर तेच घ्यावे.

मुठीच्या बाबतीत एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. शेफील्ड आणि झोलिंगेनच्या चाकूंवर खरबरीत, तपकिरी-पांढऱ्या शिंगाच्या ज्या पट्ट्या दिसतात, त्यांतले पुष्कळसे शिंग भारतातून गेलेले, सांबराचे. युरोपातल्या हरणांच्या शिंगाचा गाभा सच्छिद्र असतो. सांबरशिंग आतपर्यंत घट्ट असते, कापले तरी भुसभुशीत होत नाही, म्हणून त्याला मागणी. सांबर दरवर्षी शिंगे टाकते, आणि रानात गोळा केलेली ही शिंगे बोटीने विलायतेला जात. मेळघाटात किंवा ताडोबात दिसणाऱ्या या प्राण्याचे शिंग दुसऱ्याच समुद्रावरच्या खलाशाच्या मुठीत जाऊन बसले, हे मला आजही विलक्षण वाटते. दुसरा धागा माणसांचा. ब्रिटिश काळात पी अँड ओ कंपनीच्या जहाजांच्या डेकवर रत्नागिरी किनाऱ्यावरचे खलाशी मोठ्या संख्येने होते, आणि तेव्हाच्या रॉयल इंडियन मरीनमध्ये रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमानांची भरती विशेष होती. सारंग आणि तांडेल या खलाशांच्या मुकादमांच्या हाताखाली ही माणसे दोरांशीच झुंजत होती. कोकणातल्या एखाद्या घरात आजोबा-पणजोबांच्या पेटीत असा चाकू निघाला तर तो भंगारात देण्याआधी वाचकांनी एकदा नीट पाहावा.

संग्रहाच्या जगात साधारणपणे कोरा, न वापरलेला चाकू सर्वांत महाग असतो. त्याला माझी हरकत नाही, पण नाविकाच्या चाकूला ही मोजपट्टी पूर्णपणे लागू पडत नाही. पात्याच्या पाठीवर ठोकल्याचे बारीक चेपके दिसले तर इतर चाकूंत तो दोष. इथे तो पुरावा आहे, की या चाकूने दोर तोडले. कडीच्या आतल्या बाजूला दोरीने घासून पडलेली चकचकीत खोबण, टोच्याचे गुळगुळीत झालेले टोक, मुठीवर कुणी तारेने कोरलेली नावाची दोन अक्षरे: हे सारे त्या माणसाने मागे ठेवलेले आहे. दोष मानायचे ते वेगळे. धार लावून लावून पाते निम्मे झिजलेले असणे, पात्याला चीर असणे, मोडलेल्या पात्याच्या जागी दुसऱ्याच चाकूचे पाते बसवलेले असणे. पाते मिटल्यावर त्याचा काही भाग मुठीबाहेर उगाच डोकावत असेल, किंवा दोन पात्यांच्या पोलादाचा रंग आणि घासण्याची दिशा जुळत नसेल, तर शंका घ्यावी. आणि ‘व्हाइट स्टार लाइन’ किंवा ‘टायटॅनिक’ अशी नावे कोरलेला चाकू कुणी पुढे केला, तर तो नम्रपणे परत करावा. अशा नावांच्या बनावट वस्तू बाजारात उदंड आहेत.

निगेबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण जुन्या चाकूंचे समुद्राने जेवढे नुकसान केले त्याहून जास्त हौशी मालकांनी केले आहे. चाकू हाती आला की तो चकचकीत करावासा वाटतो आणि पॉलिशच्या चाकावर धरला जातो. क्षणात शिक्क्याची अक्षरे पुसट होतात, कडा गोल होतात, आणि गेलेले पोलाद काही केल्या परत येत नाही. साध्या पोलादाच्या पात्यावर येणारी करडी-निळसर छटा ही घाण नव्हे. कैरी चिरून काळवंडलेल्या विळीसारखाच तो पोलादाचा स्वभाव आहे, आणि ती छटा खालच्या पोलादाला थोडेफार राखतेही. काढायचा तो लाल, भुकटी सुटणारा गंज. त्यावर पातळ तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवावे, मग सर्वांत बारीक पोलादी लोकरीने किंवा तांब्याच्या तुकड्याच्या कडेने हलक्या हाताने खरवडावे. लिंबू, व्हिनेगर, गंज काढायची आम्ले यांच्या वाटेला जाऊ नये.

पाते उघडत नसेल तर पकडीने ओढू नका. सांध्यात जुने वाळलेले तेल, खिशातला कचरा, कधी मीठ आणि वाळू जमलेली असते. सांध्यावरच थेंब थेंब पातळ तेल सोडावे, एक-दोन दिवस थांबावे, लाकडी काडीने मळ काढावा आणि पुन्हा तेल सोडावे. सगळा चाकू रॉकेलमध्ये किंवा गरम पाण्यात बुडवणे शिंगाच्या आणि हाडाच्या मुठीला घातक. ती तडकते किंवा वाकते. तेल कोणते, हा प्रश्न हमखास येतो. शिवणयंत्राचे तेल पुरेसे आहे. खोबरेल किंवा तिळेल घरात हाताशी असते म्हणून वापरू नये. खाद्यतेल काही महिन्यांत चिकट होते आणि सांधा पुन्हा धरतो. उघडझाप करताना बोटे पात्याच्या वाटेत ठेवू नका. या चाकूंच्या पात्याला कुलूप नसते. दाब उलटा पडला की स्प्रिंग पाते थेट बोटांवर आणते.

धार लावावी की नाही, यावर संग्राहकांत मतभेद आहेत. मूळ धार शाबूत असेल तर तिला हात लावू नये, असे माझे मत. सहज मिळणाऱ्या प्रकारचा चाकू असेल आणि तुम्हाला तो खरोखर वापरायचा असेल, तर हाताने, बारीक दगडावर, थोडक्यात लावावी. रस्त्यावरच्या विजेच्या चाकावर तर मुळीच नको. घर्षणाने पात्याची कड तापून निळी पडली की त्या जागचे पाणी उतरले. मग तिथे धार टिकत नाही.

ठेवण्याच्या बाबतीत आपल्या हवेचा विचार करावा लागतो. मुंबईत किंवा कोकणात जून ते सप्टेंबर बंद कपाटात ठेवलेले पोलाद गंजणारच. पात्यावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात आणि पावसाळ्यात मधूनमधून चाकू बाहेर काढून पाहावा. चामड्याच्या म्यानात कायमचा ठेवू नये. चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली द्रव्ये पोलाद-पितळेला खातात. एक धोका फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. काही जुन्या मुठी सेल्युलॉइडच्या असतात. अशी मूठ अंगठ्याने जोरात चोळून ऊब आली की नाकाशी न्या. कापराचा वास येईल, कारण सेल्युलॉइड बनवताना त्यात कापूरच घालतात. जुने झालेले सेल्युलॉइड विघटू लागले की त्यातून आम्लाची वाफ सुटते, आणि तिने शेजारच्या चांगल्या चाकूंनाही गंज चढतो. असा चाकू नेहमी वेगळा आणि हवेशीर ठेवावा.

कायद्याचे भान हवे. शस्त्रांच्या नियमांतली ९ इंचांहून लांब पात्याची अट या छोट्या अवजारांना सहसा लागत नाही, तरी चाकू खिशात घेऊन गर्दीत हिंडू नये आणि विमानात हातातल्या सामानात नेऊ नये. हस्तिदंताच्या मुठीचा चाकू विकत घेऊ नये, विकू नये. सांबरशिंगाच्या मुठीचा चाकू परदेशातून मागवण्याआधी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आणि आयातीचे नियम जाणकाराकडून समजून घ्यावेत. काळ्या प्लॅस्टिकच्या किंवा सर्व पोलादी मुठीचे युद्धकाळातले चाकू या अडचणीतून मोकळे असतात. नवख्यासाठी तेच बरे: दर बेताचा, बाण आणि साल स्पष्ट, मोडले तरी जीव हळहळणार नाही.

शोधायचे कुठे? मुंबईतला चोर बाजार आहे, दारूखान्याकडची जहाजांच्या सामानाची दुकाने आहेत, आणि १९८३ पासून जिथे जहाजे मोडली जातात त्या गुजरातमधल्या अलंगचा रस्ता आहे. तिथे चाकू मिळेलच असे नाही, पण जहाजावरच्या वस्तू हाताळण्याची सवय होते आणि नव्या मालाला जुना रंग कसा दिला जातो तेही दिसते. शेफील्डला जाण्याचा योग आला तर केलहॅम आयलंड संग्रहालयातला हॉली संग्रह चुकवू नये. अवजारांचे दुकानदार केन हॉली यांनी तो आयुष्यभर जमवला. त्यात तयार चाकूंइतकेच अर्धवट घडवलेल्या पात्यांना आणि कारागिरांच्या साधनांना स्थान आहे, त्यामुळे पोलादाच्या कांबीपासून मिटत्या चाकूपर्यंतचा प्रवास टप्प्याटप्प्याने पाहता येतो.

पहिला चाकू घ्याल तेव्हा सोबत एक वहीही ठेवा. चाकू कुठे मिळाला, कुणी दिला, देणाऱ्याने काय सांगितले, मिटलेली आणि उघडलेली लांबी, शिक्क्यांची जशीच्या तशी नक्कल, साफसफाई केली असेल तर काय काय केले, हे सगळे पहिल्याच दिवशी लिहावे. शिक्क्याचे छायाचित्र तिरप्या उजेडात काढावे, म्हणजे पुसट अक्षरे उठून दिसतात. सांगणारा माणूस खलाशाच्या घरातला असेल तर त्याला थोडा जास्त वेळ द्या. चाकू कोणत्या बोटीवर होता आणि कुणाच्या कमरेला होता, हे कोणत्याही शिक्क्यावर लिहिलेले नसते. ते त्याच्याकडूनच कळेल.